हिमोफिलियासाठी जीन थेरपीची चौकशी करायला जाण्याआधी

हिमोफिलियात रक्त नीट गोठत नाही; जीन थेरपीत त्यासाठी लागणारं जनुक शरीरात घालतात. तिची चौकशी करायची तर सगळ्यात आधी वही काढा. गेल्या वर्षभरात ब्लीड (रक्तस्राव) किती झाले, कुठल्या सांध्यात झाले, फॅक्टरची (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या इंजेक्शनची) किती युनिट्स लागली, हे तारखेनिशी लिहा. माझ्या धाकट्या भावाला तीव्र हिमोफिलिया ए आहे, म्हणजे त्याच्यात फॅक्टर आठ कमी आहे. पहिल्या भेटीला आम्ही जाडजूड फाइल घेऊन गेलो, पण ‘वर्षाला ब्लीड किती?’ या प्रश्नावर आई आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. उपचाराचा उपयोग झाला की नाही, हे मुख्यतः याच आकड्यावरून मोजतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या चाचणीत ५ जणांना उपचार दिले आणि नंतरच्या पाठपुराव्यात वर्षाकाठी ब्लीडचा आकडा शून्यावर आला. डिसेंबर २०२४ मध्ये ती बातमी वाचली तेव्हा आई रडली होती.

फाइलमध्ये इन्हिबिटरचे (फॅक्टर निकामी करणाऱ्या प्रतिपिंडांचे) जुने-नवे सगळे रिपोर्ट वर ठेवा. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या, यकृताची सोनोग्राफी किंवा फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते बघणारी तपासणी), आणि आजचं वजन, कारण मात्रा वजनावर ठरते.

मग विचारायचं ते पद्धतीबद्दल. वेल्लोरला रुग्णाच्याच रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी काढून त्यांत जनुक घालतात आणि केमो देऊन त्या परत सोडतात. केमोचा परिणाम पुढे मूल होण्यावर होऊ शकतो. वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल आधीच बोला, लाजू नका. अमेरिकेत २०२२ मध्ये हिमोफिलिया बीसाठी (यात फॅक्टर नऊ कमी असतो) आणि २०२३ मध्ये एसाठी मान्यता मिळालेली औषधं वेगळी आहेत. ती एएव्ही नावाच्या निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत जनुक यकृतात पोचवतात. त्यातल्या बीच्या औषधाची किंमत ३५ लाख डॉलर होती. एएव्ही एकदा दिला की शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, त्यामुळे तोच उपचार पुन्हा देता येत नाही. पुढचे कित्येक महिने वारंवार रक्त तपासायचं, यकृताची एन्झाइम वाढली तर स्टेरॉइड घ्यायचं आणि दारू बंद. नोकरी करणाऱ्याने एवढ्या रजेचं आधीच साहेबांशी बोलून ठेवावं.

माझ्या भावाला वाटत होतं, जीन थेरपीनंतर पुढे होणाऱ्या मुलीला धोका नाही. तसं नाही. बदल यकृतात किंवा रक्ताच्या पेशींत होतो, वीर्यात नाही. मुलगी वाहक (आजाराचं जनुक पुढे नेणारी) होणारच. लग्न ठरत असेल तर समोरच्या घरी हे स्पष्ट सांगा. आणि आधीच झिजलेला गुडघा याने पूर्ववत होत नाही, तेव्हा फिजिओथेरपी सोडू नका.

प्रवासात फॅक्टर डिकीत नको, हातातल्या पिशवीत हवा. आइस पॅक कुपीला थेट लावू नका, औषध गोठता कामा नये. बटरफ्लाय सुया चार जास्त घ्या. भावाची नस तिसऱ्या टोचणीशिवाय सापडत नाही.