क्राऊनचं ऑईल दुधाळ होत होतं

कणकुंबी-जांबोटीकडचे ओढे ओलांडले की जुन्या जीपच्या क्राऊनमध्ये (एक्सलच्या मधला गिअरचा डबा, म्हणजे डिफरन्शियल) पाणी. नवं सील घालूनही तेच, कारण खोट ब्रीदरची, म्हणजे डब्यातली हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या तोंडाची. तापलेलं हाऊसिंग गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असला की सीलच्या ओठातून पाणीच ओढलं जातं.

आधी वरचा फिलर प्लग सोडवला (तो अडकला तर रिकामा क्राऊन घेऊन बसा), मग खालचा. दूध जास्त झालेल्या चहासारखं ऑईल निघालं. डिझेलने धुऊन रात्रभर निथळू दिलं. जीएल-५, ८०डब्ल्यू-९० ग्रेडचं गिअर ऑईल फिलरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं. ब्रीदरच्या जागी निपल बसवून ८ मिमीची ऑईल-रबर पाईप बॉनेटखाली उंच नेली, टोक खाली वळवलं. एक्सलजवळ सैल वळसा हवाच, नाहीतर चाक लोंबकळलं की पाईप उपटते. पुढच्या एक्सलच्या क्राऊनचा ब्रीदर तर मातीने पार दगड झालेला.