ऑक्सिजन सेन्सर बदलूनही कोड परत येतो तेव्हा

जुन्या गाडीला नवा ऑक्सिजन सेन्सर बसवला, कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) पुसला आणि थोड्याच दिवसांत चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागला, असे काम गॅरेजमध्ये नव्याने शिकणाऱ्याच्या हाती लवकरच येते. अशा गाड्या तपासताना माझे एक मत पक्के होत गेले: सेन्सरला दोषी ठरवण्याआधी तो खरेच सांगत आहे का, हे पाहावे.

झिर्कोनियाचा नेहमीचा सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापला, की एक्झॉस्टमधील आणि बाहेरच्या हवेतील ऑक्सिजनच्या फरकातून व्होल्टेज निर्माण करतो. मिश्रणात इंधन जास्त असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट आणि हवा जास्त असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट मिळतो. इंजिन गरम झाल्यावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरचा आकडा ०.४५ व्होल्टच्या दोन्ही बाजूंना सतत वरखाली होत राहिला पाहिजे. वाइडबँड सेन्सरला, म्हणजे मिश्रणाचे नेमके प्रमाण मोजणाऱ्या दुसऱ्या प्रकाराला, हे आकडे लागू पडत नाहीत, म्हणून गाडीत कोणता प्रकार आहे हे दुरुस्ती पुस्तिकेत आधी पाहून घ्यावे.

माझ्याकडे आलेल्या एका गाडीत पी०१३१, म्हणजे पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज कमी असल्याचा कोड, सेन्सर बदलूनही परत येत होता. कोड पुसण्यापूर्वी फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड नोंदला जातानाच्या इंजिनाच्या स्थितीची नोंद, उतरवून घेतली होती, आणि तिच्यात कूलंट पुरते तापलेले नसतानाच कोड नोंदला गेल्याचे दिसत होते. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (संगणक इंधनात करत असलेली वाढ-घट) बरीच अधिक, म्हणजे संगणक इंधन वाढवत होता. तरी स्पार्क प्लग मात्र काजळलेले, म्हणजे इंधन आधीच जास्त होते. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि निदानाचा धागा अशाच विसंगतीतून हाती लागतो. हवेच्या मार्गात थोडा प्रोपेन सोडताच सेन्सरचा आकडा झटकन ०.८ च्या वर गेला, त्यामुळे सेन्सर आणि त्याची सिग्नलची तार ठीक असल्याचे कळले. शेवटी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा (इंजिनातून एक्झॉस्ट गोळा करणाऱ्या भागावरचा) पत्रा काढल्यावर सेन्सरच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, काजळीची रेघ उमटलेली एक बारीक भेग दिसली. एक्झॉस्टच्या दोन झोतांच्या मधल्या क्षणी आतला दाब उतरतो आणि अशा भेगेतून बाहेरची हवा ओढली जाते. सेन्सर तोच ऑक्सिजन मोजतो आणि संगणक नसलेली इंधनाची कमतरता भरून काढू लागतो. धातू तापून फुगला की भेग मिटते, म्हणून गरम इंजिनावर केलेल्या तपासणीत ती सापडत नव्हती.

पी०१३५ सारखा, सेन्सरला तापवणाऱ्या हीटरचा कोड असेल, तर आधी फ्यूज पाहावा आणि मग हीटरचा रोध पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. कनेक्टर सुटा करून मोजलेले १२ व्होल्ट मात्र फसवे असतात, कारण गंजलेली तारसुद्धा भार नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवते. तिथे टेस्ट लॅम्प (भार देणारा छोटा दिवा) लावून मोजले, की व्होल्टेज किती पडतो ते समजते. जुन्या गाडीत वायरिंग क्लिपमधून सुटून तप्त नळीला टेकलेली असते आणि इंजिन हलल्यावरच शॉर्ट होते, म्हणून मोजमाप चालू असताना वायरिंग हाताने हलवून पाहणे मी कधीच टाळत नाही, अर्थात गरम भागांपासून हात दूर ठेवूनच. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा आपल्या तारांच्या आतूनच घेतात. त्या तारांना सोल्डर करू नये आणि कनेक्टरमध्ये ग्रीस भरू नये.

काढलेला सेन्सर टाकून देण्यापूर्वी त्याचे टोक नीट पाहावे. पांढरट थर असेल तर सिलिकॉन सीलंट किंवा कूलंटची गळती शोधावी लागेल, नाहीतर नवा सेन्सरही तसाच खराब होईल.

दुरुस्तीनंतर गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी आणि फ्रीझ फ्रेममधील परिस्थितीतच चालवून पाहावी. कोड पुसल्यावर दिवा काही काळ आपोआपच विझलेला राहतो, त्यामुळे स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरचा मॉनिटर (संगणकाची स्वतःची चाचणी) पूर्ण झालेला दिसेपर्यंत आणि ट्रिम शून्याजवळ स्थिरावेपर्यंत गाडी मालकाच्या ताब्यात देऊ नये.