गावाहून गावाला पळत: सोबत्यांसह एक दिवस

वेग ठेवायचा तो गटातल्या सर्वांत सावकाश पळणाऱ्याचा. पहिल्या तासातच बोलताना धाप लागत असेल, तर वेग चुकलाय. २५ मिनिटं पळा, ५ मिनिटं चाला. मोठे चढ चालतच. भुकेची वाट न पाहता तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. पाणी तहानेपुरतंच, नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, मळमळतं, डोकं दुखतं. पाय चुरचुरला की लगेच थांबून मोजे बदला, टेप लावा. फोड आल्यावर उशीर झालेला असतो. (नवे बूट तर नकोतच.) समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, एकामागे एक पळा. सोबतची गाडी दर ८-१० किलोमीटरवर पुढे जाऊन थांबावी. कुणी असंबद्ध बोलू लागलं, तर त्याचं पळणं तिथेच थांबवून डॉक्टरकडे न्या.