इलेक्ट्रिक स्केटबोर्डची चाकं घेताय? आधी बोर्ड उलटा करून बघा

माझा चाकांचा पहिला सेट अजून कपाटात नवा कोरा पडलाय. रंग आवडला, साइज मोठी होती, मागवून टाकला आणि घरी आल्यावर कळलं की मोटरचा बेल्ट ज्या दातेरी चकतीवर फिरतो ती पुलीच बसत नाही. तेव्हा साइज, रंग, ब्रँड हे सगळं नंतर, आधी बोर्ड उलटा करा आणि मोटर कुठंय ते बघा.

मोटर चाकाच्या आतच असेल तर ती हब मोटर. तिथे मागचं चाक म्हणजे मोटरवर चढवलेली पीयूची (पॉलीयुरेथेन, रबरासारखं प्लास्टिक) स्लीव्ह, त्यामुळे तुमच्या मॉडेलची स्लीव्ह मिळते का एवढंच बघायचं, फार चॉइस नसतो. पीयूचा थर पातळ असतो म्हणून दणकेही जास्त लागतात. मोटर बाहेर असून बेल्टने चाक फिरवत असेल, म्हणजे बेल्ट ड्राइव्ह असेल, तर मजा आहे, पण तिथे चाकाच्या मधल्या प्लास्टिकच्या कोअरमध्ये ज्या खाचा असतात त्यात पुली अडकते, आणि या खाचांचे केगल आणि एबेक असे दोन प्रकार जास्त चालतात. एकाची पुली दुसऱ्याला होत नाही. माझं तिथेच फसलं.

आता साइज. साध्या स्ट्रीट स्केटबोर्डची चाकं ५२-५४ मिमीची, एकदम कडक. आपल्या बोर्डला साधारण ८५ पासून १०५-११० मिमीपर्यंत लागतात. मोठं चाक घेतलं की स्पीड वाढतो हे सगळे सांगतात, उरलेलं कोणी सांगत नाही. ९० ची काढून १०५ ची टाकली की एका फेऱ्यात बोर्ड एक षष्ठांश जास्त पुढे जातो, म्हणजे कागदावर ३० ने पळणारा बोर्ड ३५ ने पळेल, पण रस्त्यावर लागणारा जोर साधारण एक सप्तमांशाने कमी होतो, आणि ब्रेकही मोटरचाच असतो ना, मग तोही तेवढाच ढिला पडतो! चढाला बोर्ड रडतो आणि उताराला थांबत नाही. तुमच्याकडे फ्लायओव्हर, घाट वगैरे असेल तर मोटरवरची पुली कमी दातांची घ्या, मग बेल्टची लांबीही परत तपासावी लागते. अ‍ॅपमध्ये चाकाचा व्यास टाकायची सोय असेल तर तोही बदला, नाहीतर स्पीड खोटा दिसेल.

खरं तर मोठं चाक स्पीडसाठी घ्यायचंच नाही, ते घ्यायचं खडीसाठी. नुकत्याच बुजवलेल्या खड्ड्याशेजारी जी बारीक खडी सांडलेली असते ना, तिच्यातला एक दाणा छोट्या चाकापुढे आला की बोर्ड जागेवर थांबतो आणि आपण पुढे जातो. मोठं चाक त्यावर चढून जातं. सोसायटीतले पेव्हर ब्लॉक, काँक्रीट रोडवरचे आडवे चरे, यावर ९० मिमीला पायाला मुंग्या येतात, १०५ ला बरंच सुसह्य होतं.

कडकपणा ड्युरोमीटरमध्ये मोजतात, चाकावरच ७८ए वगैरे लिहिलेलं असतं, आकडा कमी तेवढं चाक मऊ. आपल्या रस्त्यांना ७४ए ते ७८ए घ्या, ग्रिप चांगली मिळते आणि दणके पचतात. फक्त मऊ चाक लवकर झिजतं, वजन जास्त असेल तर जरा दबतं आणि बॅटरी खातं. ८० च्या वरचं गुळगुळीत रस्त्यासाठी ठेवा, म्हणजे जवळजवळ नकोच.

रस्ता अगदीच वाईट असेल तर हवेची चाकं, ६ इंची म्हणजे साधारण १५० मिमी. गादीवर चालल्यासारखं वाटतं राव. पण पंक्चर आलं, हवा तपासत बसणं आलं, रेंज चांगलीच घटते, आणि ट्रक (फळीखालचा, चाकं धरणारा धातूचा भाग) व गिअरिंग तेवढ्या मोठ्या चाकाला चालणारं हवं. मधला मार्ग म्हणजे आत पोकळी किंवा जाळी असलेली रबरी चाकं, पंक्चरची कटकट नाही.

पावसात मात्र कुठलंच चाक तुम्हाला वाचवत नाही. ओल्या झेब्रा क्रॉसिंगवर पीयू साबणासारखं सरकतं.

बसवताना बेअरिंग जुनीच चालतात, बहुतेक चाकांना ६०८ साइजच लागते, ८ मिमी आतून आणि २२ बाहेरून, पण दोन बेअरिंगच्या मधला स्पेसर आणि नटाजवळचे बारीक वॉशर हरवू नका. मग बोर्डवर उभं राहून पूर्ण वळणाइतकं एका बाजूला झुका, चाक डेकला, म्हणजे वरच्या फळीला, घासतं का बघा. घासलं तर ट्रक आणि डेकच्या मधे रायझर पॅड (उंची वाढवणारी चकती) टाका, कारण चालत्या बोर्डवर ते घासलं की चाक जाम होतं आणि तुम्ही डांबरावर. नट इतकाच आवळा की चाक डगमगत नाही पण बोटाने सहज फिरतं, आणि पहिल्या एक-दोन किलोमीटरनंतर थांबून परत एकदा पाना लावा, नवीन चाकांचे नट ढिले होतातच.