शाळा संपताना मागे-पुढे बघताय? या चुका टाळा

शेवटचा पेपर अवघड गेला, त्या रात्री मी वहीत लिहिलं, 'शाळेची सगळी वर्षं वाया गेली.' चार दिवसांनी निरोप समारंभ झाला. सगळे गळ्यात पडून रडले आणि पुढच्याच पानावर मी लिहिलं, 'सोन्यासारखे दिवस संपले.' दोन्ही पानं माझीच, आणि खरं सांगायचं तर दोन्ही खोटी.

शेवटच्या आठवड्यावरून अख्ख्या शाळेचा हिशेब मांडणं, ही पहिली चूक. आठवण मुळातच शेवटाला झुकतं माप देते. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. एका खेपेला १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवायचा. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, फक्त त्या वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलेलं. यातलं पुन्हा काय कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचा त्रास निवडला. का, तर त्याचा शेवट जरा बरा होता!

यावर मला सापडलेला उपाय म्हणजे जुन्या वह्या. पुढची नीटनेटकी पानं नकोत, मागची बघा. फुल्ली-गोळ्याचे डाव, कुणाशी तरी केलेली लेखी भांडणं, अर्धवट सोडलेली चित्रं. कुठल्या तासाला आपण काय करत होतो, हे तिथे बिनबोभाट नोंदलेलं असतं.

तिथेच माझी दुसरी, मोठी चूक उघडी पडली. मला वाटायचं, आपल्याला भौतिकशास्त्र आवडतं. प्रत्यक्षात मला ते शिकवणारे सर आवडायचे. सर बदलल्यानंतरच्या वर्षाची वही बघितली, तर न सांगता सोडवलेलं एकही गणित नाही. उलट वर्गाच्या भित्तिपत्रकाचा आराखडा तीन-तीनदा खोडून काढलेला, तोही कुणी मागितलेला नसताना. विषय आवडतो की शिकवणारा, याची शंका असेल तर हाच ताळा करा: माणूस बदलल्यावर गोडी टिकली का? (मार्कांवरून हे कळत नाही. नावडत्या विषयातही घोकून चांगले मार्क पडतातच की.)

आता पुढचं. 'मी अबोल आहे, माणसांत मिसळायचं काम आपलं नव्हे,' असं म्हणून आपण रस्ते बंद करून टाकतो. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून अधिक लोकांवरचा अभ्यास आला होता. गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो, पण पुढच्या दहा वर्षांत फारसं बदलणार नाही, असं सगळ्याच वयांच्या लोकांना वाटत होतं. म्हणून पर्याय निवडताना 'मला हे शोभेल का' यापेक्षा 'दोन वर्षांनी मन बदललं, तर इथून कुठे वळता येईल' हे आधी विचारा.

वेळेचे अंदाज हा तर विनोदच. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं. सरासरी अंदाज आला सुमारे ३४ दिवस. सगळं बिनसलं तरी ४९ दिवस. लागले ५५ हून जास्त. तेव्हा 'सुट्टीत प्रोग्रॅमिंग शिकणार' असं भिंतीवर चिकटवण्याआधी मागच्या प्रकल्पाला खरोखर किती दिवस लागले ते आठवा आणि तोच आकडा धरा.

आणखी एक चूक नातेवाइकांमुळे होते. 'पुढे काय?' हा प्रश्न टाळायला मी पटकन 'इंजिनिअरिंग' म्हणायचो. दहा जणांना सांगून झाल्यावर मलाच ते खरं वाटायला लागलं. हल्ली म्हणतो, 'काका, दोन गोष्टी बघतोय, ठरलं की सांगतो.' काका थोडे नाराज होतात, पण विषय तिथेच थांबतो.

एवढं करूनही योजना अडली, तर त्या कामात असलेल्या कुणाला तरी गाठा. 'या क्षेत्राला स्कोप आहे का' हे मात्र विचारू नका, त्याचं उत्तर भाषणासारखं येतं. 'काल दिवसभर काय केलंत?' असं विचारा. मासिकाच्या पानांची मांडणी करणाऱ्या एका ताईला मी हेच विचारलं. ती म्हणाली, 'दिवसभर एकाच पानावरचे मथळे वर-खाली सरकवत होते. संध्याकाळी जाहिरात आली, मग सगळं पान परत लावलं.'

ऐकून मला कंटाळा आला नाही. सध्या वहीच्या तिसऱ्या पानावर तेवढंच लिहून ठेवलंय.