एमजीबी जीटी: जुळे एसयू कार्बोरेटर जुळवताना

स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) इंजिन धडधडायला लागलं की पहिला हात हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरकडे जातो. तो आवरा. १९६५ साली आलेल्या एमजीबी जीटी या ब्रिटिश गाडीच्या १७९८ सीसी इंजिनात दोष बहुधा दुसरीकडेच निघतो. आधी टॅपेट (इंजिन थंड असताना ०.३८ मिमी), इग्निशनचे पॉइंट (०.३५ ते ०.४० मिमी) आणि प्लग (०.६५ मिमी) यांच्या फटी बघून घ्या.

पुढची रीत एचएस४ या प्रकारच्या एसयू कार्बोरेटरची. नंतरच्या गाड्यांतल्या एचआयएफ४ मध्ये मिश्रण बाजूच्या स्क्रूने बदलतं.

कार्बोरेटरच्या चेंबरमधला पिस्टन हाताने उचलून सोडा. खट्‌कन आवाज करत खाली बसला पाहिजे. अडकत असेल तर चेंबर आतून पेट्रोलने पुसा, पण दोन्हीकडचे पिस्टन आणि चेंबर यांची अदलाबदल करू नका. त्या जोड्या ठरलेल्या असतात. इंजिन चालू असताना थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) स्पिंडलच्या, म्हणजे आसाच्या, टोकांवर क्लीनरचा जेमतेम फवारा मारा (गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्ड खालीच आहे). इंजिनची रेस (वेग) बदलली, तर स्पिंडल झिजून हवा आत शिरतेय. बुश बदलल्याशिवाय सेटिंग टिकणार नाही.

आता एअर फिल्टर काढा, दोन थ्रॉटलना जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प ढिले करा. जेट (पेट्रोल येण्याची बारीक नळी) ब्रिजच्या, म्हणजे तोंडातल्या उंचवट्याच्या, पातळीला आणून त्याखालचा नट दोन फेरे, म्हणजे बारा फ्लॅट (नटाच्या सपाट बाजू), खाली घ्या. इंजिन तापलं की रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरा आणि दोन्हीकडची फुसफुस सारखी होईपर्यंत थ्रॉटल स्क्रू फिरवा. दोन पाने, एक नळी आणि कान एवढ्यावर भागतं. या गाडीचा लोभ सुटत नाही त्यात याचाही वाटा आहे.

मग मिश्रण. पिस्टन उचलायच्या पिनचा मोकळा खेळ संपल्यावर पिस्टन ०.८ मिमी उचला. रेस वाढून तशीच राहिली तर पेट्रोल जास्त: नट एक फ्लॅट वर. इंजिन पडायला लागलं तर कमी: एक फ्लॅट खाली. क्षणभर किंचित वाढून स्थिरावलं की बरोबर. एका बाजूचा बदल दुसरीला जाणवतो, म्हणून दोन्ही पुन्हा तपासा. तीन मिनिटांत जमलं नाही तर अर्धा मिनिट २५०० आरपीएमवर ठेवा, नाहीतर प्लग काळे पडून फसवतात.

क्लॅम्प आवळताना दोन्ही थ्रॉटल एकदमच उघडतात ना, ते पाहा. शेवटी डॅम्परमध्ये (पिस्टनची उसळी मंदावणारा भाग) एसएई २० ऑइल, पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या वर अर्धा इंच. ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळत असेल, तर बऱ्याचदा हेच ऑइल संपलेलं असतं आणि लोक उगाच जेट खाली करत बसतात.