साथीच्या दिवसांत सायकल चालवताय? या चुका टाळा

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे बस-रिक्षा बंद झाल्या तेव्हा अनेकांनी माळ्यावरची सायकल खाली काढली आणि ते योग्यच केलं. मोकळ्या हवेत एकट्याने सायकल चालवताना संसर्गाची भीती फार कमी. गडबड होते ती सायकलवरून उतरल्यावर.

टपरीवरचा घोळका
छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादमार्गे खुलताबाद हा आमचा नेहमीचा रस्ता. कोरोनाच्या काळात आम्ही पाच जण अंतर राखून निघायचो. घाट चढून वर आलो की मात्र एकाच बाकड्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. धाप लागलेली असताना माणूस जोरजोरात श्वास सोडतो, त्यात गप्पा आणि हसणं. पुढच्याच आठवड्यात तिघे आजारी पडले. एकाच्या घरी वयस्कर आई होती. त्या बाकड्याची हळहळ मला आजही वाटते. चहा प्यायचाच असेल तर आपापल्या सायकलीपाशी उभं राहून प्या.

एकच बाटली सगळ्यांना
‘मी वरून पितो’ म्हटलं तरी झाकण आणि बाटलीचं तोंड हाताळलं जातंच. वैशाखात परभणी-नांदेडकडे पारा 42 च्या वर जातो, पाणी कमी पडलं की मागावं लागतं. म्हणून प्रत्येकाने स्वतःच्या दोन बाटल्या घ्याव्यात आणि उन्हं चढायच्या आत घरी यावं.

मागे न बघता थुंकणं
चढावर तोंडात थुंकी साठते, नाक वाहतं. मागे कोणी असेल तर सगळं त्याच्या तोंडावर जातं. खिशात रुमाल ठेवा, थांबून बाजूला व्हा. मागच्यानेही चाकाला चाक न लावता चार-पाच सायकलींचं अंतर ठेवावं.

मास्कचा उलटा वापर
चढावर घट्ट मास्क बांधून दम कोंडून घ्यायचा आणि दुकानात शिरताना तो हनुवटीखाली ओढायचा, हे सर्रास दिसतं. घामाने भिजलेला मास्क नीट काम करत नाही. एकटे असाल तर तो पिशवीत कोरडा ठेवा, माणसांत जाताना लावा.

सायकलवर ब्लीच ओतणं
साखळी गंजते. ग्रिप, ब्रेकचे लिव्हर आणि सीट साबणाच्या ओल्या फडक्याने पुसलं तरी पुरतं.

पंक्चरचं सामान घरी ठेवणं
आपल्याकडे बाभळीचे काटे कमी नाहीत. ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, हातपंप जवळ असला की अनोळखी माणसाच्या गाडीत दाटीने बसून परतायची वेळ येत नाही. रस्ता रिकामा दिसला म्हणून उतारावर सुसाट सुटू नका. हात मोडला तर आधीच भरलेल्या दवाखान्यात आपण आणखी एक खाट अडवतो.

‘घाम काढला की कणकण जाते’
ही समजूत सगळ्यांत घातक आहे. ताप किंवा अंगदुखी असताना सायकल काढलीत तर आजार इतरांपर्यंत नेता आणि स्वतःच्या हृदयावरही ताण आणता. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूंना सूज येऊ शकते, अशा वेळी जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. ताप उतरल्यावर निदान आठवडाभर तरी थांबा. मग सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं, बोलताना धाप लागणार नाही इतक्याच वेगाने चालवा. छातीत दुखलं, धडधडलं किंवा चक्कर आली तर तिथेच उतरा, घरी फोन करा आणि डॉक्टरांना दाखवा. सपाटीवर काही दिवस त्रासाशिवाय गेले, की मग खुलताबादचा घाट.